गोळीबाराची बातमी आणि ४२.३४ मीटर

१/ १४ ऑगस्ट १९४२. पालघरमध्ये 'चले जाव' मोर्चावर गोळीबार झाला. सातपाटी, मुरबे, सालवड, नांदगाव आणि पालघर येथील पाच जण हुतात्मा झाले. वृत्तपत्रांवर कठोर निर्बंध असताना अशा घटना देशाला कळणार कशा?

२/ या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत आकार घेत होते. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. राममनोहर लोहिया पाठीशी होते. चिमूर-आष्टीतील अत्याचार, जमशेदपूरचा संप यांची वार्ता तेथून श्रोत्यांपर्यंत गेली.

३/ त्याच काळात फ्रान्सचा प्रतिकार बीबीसीवरून, लंडनच्या आश्रयाने बोलत होता. या तरुणांना असा आश्रय नव्हता. पोलिसांना चुकवत ते मुंबईतच जागा बदलत राहिले.

४/ अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे १२ नोव्हेंबरला छापा पडला. चौकशीत उषाबेननी तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्यात ठेवण्यात आले. १९४६ साली सुटका झाल्यावर त्यांनी पुढे राज्यशास्त्राचे अध्यापन केले.

५/ केंद्र टिकले अवघे ११ आठवडे. परंतु बातमी कोणी द्यायची, हा अधिकार केवळ सत्तेचा नाही, हे त्याने दाखवून दिले.