काळा-पांढरा चौकोन आणि हातातली नोट

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांना काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन नवा नाही. आज तो शेंगाचटणीच्या दुकानात, भाजीच्या गाड्यावर आणि गड्ड्याच्या जत्रेतही दिसतो. पण पैसे देण्यासाठी त्याचा सर्रास वापर होऊ लागला त्याआधीच तो या जिल्ह्यातल्या एका शाळेत पोहोचला होता. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना असे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, जोडले. मोबाइल समोर धरला की त्या धड्याशी संबंधित कविता, गोष्ट किंवा चित्रफीत उघडत असे. २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि १० लाख डॉलरच्या या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पुस्तकातला चौकोन आणि दुकानातला चौकोन एकाच जातीचे आहेत. दोन्ही ठिकाणी प्रश्नही एकच उभा राहतो. चौकोन आला म्हणून मूळची वस्तू, म्हणजे छापलेला धडा किंवा हातातली नोट, काढून टाकता येईल काय? उत्तरासाठी आपल्याला थोडे इतिहासात आणि थोडे परदेशांत जावे लागेल.

चौकोनाचा जन्म

हा चौकोन पैशांसाठी जन्माला आलाच नाही. जपानमधील मोटारींचे भाग बनविणाऱ्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो १९९४ मध्ये तयार केला. त्यापूर्वी मालाच्या खोक्यांवर उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यात जेमतेम वीस अक्षरे मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगारांना ते एकामागून एक वाचून घ्यावे लागत. रेघांमध्ये माहिती फक्त आडव्या दिशेने साठविता येते. ठिपके वापरले तर ती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी साठविता येते. ‘गो’ या खेळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून हारा यांना ही कल्पना सुचली. अशा चौकोनात सात हजारांहून अधिक अंक बसू शकतात.

तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन यंत्राला कोडची जागा आणि दिशा दाखवितात. शिवाय माहिती लिहिताना काही जादा ठिपके मुद्दाम घातलेले असतात. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीने, चौकोनाचा काही भाग मळला वा फाटला तरी हरवलेली माहिती गणिताने परत मिळविता येते. सर्वाधिक संरक्षणाच्या प्रकारात सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी कोड वाचता येतो. कंपनीने आपला पेटंटचा हक्क इतरांवर बजावला नाही, म्हणून हा कोड जगभर फुकट पसरला.

नोट आणि निरोप

आता दुकानातल्या चौकोनात काय असते ते पाहू. त्यात पैसे नसतात. दुकानदाराचा फक्त पत्ता असतो. आपला मोबाइल तो पत्ता वाचतो, आपण रक्कम आणि गुप्त अंक घालतो, आणि एक निरोप निघतो. हा निरोप मधल्या यंत्रणेमार्फत आपल्या बँकेला आणि दुकानदाराच्या बँकेला मिळतो. एका वहीत रक्कम वजा होते, दुसरीत जमा होते. मग दुकानातला भोंगा ‘पैसे मिळाले’ असे बोलतो. मोबाइल, त्याचे जाळे, मधली यंत्रणा आणि दोन बँका यांतले काहीही बंद पडले तर व्यवहार अडतो.

नोटेचे तसे नाही. ती या हातातून त्या हातात गेली की देणेही संपले आणि घेणेही. तिसऱ्या कोणालाही विचारावे लागत नाही, आणि कळतही नाही.

म्हणजे मोबाइलचा व्यवहार हा नाण्याचा वारस नसून हुंडीचा वारस आहे. पेशवाईत दूरच्या मुलखातून पुण्याला रक्कम पाठवायची तर रुपयांच्या थैल्या वाटेने नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी धाडीत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. हुंडी हाही एक निरोपच, आणि त्याची किंमत तो पाळणाऱ्या पेढीच्या पतीइतकीच. पेढी बुडाली की हुंडी म्हणजे नुसता कागद. म्हणूनच हुंडीच्या काळातही लोकांच्या घरी नाणी असत.

परदेशांचा अनुभव

स्वीडनचे उदाहरण बोलके आहे. तेथे १६४४ मध्ये तांब्याच्या पत्र्याचे जे मोठे नाणे पाडले त्याचे वजन जवळजवळ २० किलो होते! या ओझ्यावर उपाय म्हणून १६६१ मध्ये स्टॉकहोममधील एका बँकेने युरोपातील पहिल्या नोटा काढल्या. पण तिने हाताशी असलेल्या धातूपेक्षा फार जास्त नोटा वाटल्या आणि काही वर्षांतच ती बुडाली. याच देशात २०१२ मध्ये मोबाइलने पैसे देण्याची ‘स्विश’ ही सोय सुरू झाली आणि रोखीचा वापर झपाट्याने घटला. परंतु २०१८ मध्ये तेथील शासनाने संकटकाळाच्या तयारीची पुस्तिका घरोघर पाठविली, तेव्हा घरी ठेवायच्या वस्तूंमध्ये लहान रकमेच्या नोटाही सुचविल्या. १ जानेवारी २०२१ पासून तर मोठ्या बँकांवर रोख रकमेची सोय ठेवण्याचे कायदेशीर बंधन आले.

केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाले. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसा. तेथे ना चौकोन लागला, ना महागडा फोन. साध्या फोनवरच्या संदेशाने काम भागले. मात्र त्याचा पाया गावोगावचे दुकानदार होते. ते रोख घेऊन खात्यात भरत आणि खात्यातून रोख काढून देत. तेव्हा रोख होती म्हणून निरोप चालला.

चीनमध्ये २०११ नंतर चौकोनाचा प्रसार झाला. कार्ड वाचण्याचे यंत्र फेरीवाल्याला परवडत नाही, छापील कागद मात्र परवडतो. पण कागदावर कागद चिकटविणेही सोपे असते. चोरांनी दुकानांच्या कोडवर आपले कोड चिकटवून पैसे वळविले. तेव्हा १ एप्रिल २०१८ पासून अशा छापील कोडवरून दिवसाला ५०० युआनपर्यंतच रक्कम देता येईल असे बंधन घालण्यात आले. त्याच वर्षी तेथील मध्यवर्ती बँकेला, दुकानदारांनी रोख पैसे नाकारू नयेत, असेही बजावावे लागले. रोख नाकारली की ज्याच्याकडे फोन नाही असा म्हातारा भाजी विकत घेऊ शकत नाही. हा प्रश्न तंत्राचा राहत नाही, न्यायाचा होतो.

आपल्याकडे

भारतात यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या; चलनातील रकमेचा सुमारे ८६ टक्के भाग त्यांचा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. यावरून नोटा संपत आल्या असे वाटेल. पण नोटबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते सुमारे ३५ लाख कोटी झाले. लोकांनी एक सोडून दुसरे धरले नाही, दोन्ही धरले. चहाचे दहा रुपये मोबाइलने जातात, अडीअडचणीसाठी डब्यात नोट राहते.

साधा फोन वापरणाऱ्यांसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआयची वेगळी सोय सुरू झाली, हे योग्यच झाले. पण ज्या आजीजवळ कोणताच फोन नाही, तिच्यासाठी नोट हीच सोय आहे. परितेवाडीच्या प्रयोगाने हेच दाखविले. चौकोन धड्याच्या शेजारी छापला गेला, धड्याच्या जागी नाही. ज्या घरात मोबाइल नव्हता तिथल्या मुलालाही पुस्तक उघडून धडा वाचता येत होता.

वर्गात करून पाहा

पाठ्यपुस्तकातील एका कोडच्या मधल्या ठिपक्यांवर कागदाचा लहान तुकडा ठेवा आणि कोड वाचला जातो का ते पाहा. मग तुकडा मोठा करीत जा. नंतर तोच तुकडा कोपऱ्यातील मोठ्या चौकोनावर ठेवा. कोणती जागा झाकल्यावर वाचन थांबते, याची नोंद मुलांना करू द्या.

त्यानंतर पाच मुले उभी करा: गिऱ्हाईक, दुकानदार, दोन बँका आणि मधली यंत्रणा. चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवून दहा रुपये ‘पाठवा’. मग एकेका मुलाला खाली बसवा. कोण बसल्यावर व्यवहार थांबतो ते मुलेच सांगतील. शेवटी गिऱ्हाईक आणि दुकानदार हे दोघेच उभे ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या हातात खरी दहाची नोट द्या.