बॅटरी उतरते, चोर फ्यूजपेटीत शोधा

मोटार चार-सहा दिवस जागेवर उभी राहिली की सुरू होत नाही, या तक्रारीवर बहुतेक वेळा नवी बॅटरी हाच उपाय सुचवला जातो. मात्र दोष बॅटरीत नसून बंद गाडीत वीज खाणाऱ्या एखाद्या उपकरणात असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांतच मान टाकते. पैसे वाया जातात ते वेगळेच. त्यामुळे खरेदीपूर्वी तपासणी करणे हिताचे ठरते.

आधी बॅटरी, मग गळती

पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब गाडी काही तास उभी राहिल्यानंतर सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या आसपास आला असल्यास बॅटरी बरीच उतरली आहे, असे समजावे. इंजिन सुरू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवा. तो वाढत नसेल, तर दोष अल्टरनेटरच्या बाजूस आहे. दोन्ही आकडे ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा.

घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणकीय नियंत्रक यांसाठी बंद गाडीतही थोडी वीज लागतेच. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानला जातो. या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. याउलट डिकीतील ५ वॉटचा दिवा विझत नसेल, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात आणि लहान मोटारीतील ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चौथ्या दिवशी पूर्ण रिकामी होते. दिव्यांखेरीज बाहेरून बसवलेले स्टिरिओ, रिमोट लॉक, डॅशकॅम व ट्रॅकर यांची जोडणी प्रथम तपासावी.

मोजणी कशी करावी?

किल्ली काढून सर्व दिवे बंद करावेत. बॅटरीचे ऋण टोक सोडवून ते टोक व बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडावा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये किंवा मोठे दिवे लावू नयेत. मीटरचा स्वतःचा फ्यूज उडतो. नियंत्रक 'झोपी' जाण्यास काही गाड्यांत अर्धा-पाऊण तासही लागतो. तोवर दिसणारा मोठा आकडा फसवा असतो. रिमोटची किल्लीही गाडीपासून दूर ठेवावी.

त्यानंतर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येतो, त्या मंडलात चोर आहे. आधुनिक गाड्यांत फ्यूज काढता-घालताना नियंत्रक पुन्हा जागे होतात. अशा वेळी बॅटरी नेहमीप्रमाणे जोडून, फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या धातूबिंदूंमधील मिलिव्होल्ट मोजावेत. आकडा शून्य नसेल, तर त्या फ्यूजमधून वीज वाहत आहे. सर्व फ्यूज निर्दोष ठरल्यास अल्टरनेटरमधील डायोडकडे लक्ष द्यावे. त्याची जाड तार बहुधा या छोट्या फ्यूजमधून जात नाही.

हट्टी फ्यूज

किनारपट्टीच्या दमट हवेत फ्यूजच्या पात्यांवर गंज चढतो आणि ते खाचेत घट्ट बसतात. अनेक गाड्यांत फ्यूजपेटीच्या झाकणातच प्लास्टिकचा चिमटा दिलेला असतो. आधी तोच वापरावा. तो पुरेसा न ठरल्यास बॅटरीचे ऋण टोक सोडवून लांब चोचीची पक्कड घ्यावी व तिच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळावी. फ्यूज लांबीच्या दिशेने किंचित हलवत सरळ वर ओढावा. पिरगाळल्यास पाते खाचेतच तुटते. गंज असल्यास विद्युत-संपर्क स्वच्छ करणारा फवारा थोडासा मारून काही मिनिटे थांबावे व तो पूर्ण वाळल्यावरच बॅटरी जोडावी. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटणे टाळावे. प्लास्टिक वितळून फ्यूज चिकटला असेल, तर खाच सैल होऊन तापत होती, हे उघड आहे. तेथे केवळ फ्यूज बदलून भागत नाही, खाचच दुरुस्त करावी लागते.

नवा फ्यूज त्याच क्षमतेचा हवा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, तर हिरवा ३० अँपिअरचा असतो. मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवल्यास फ्यूजऐवजी गाडीतील वायर जळते आणि मोटारीला आग लागण्याचा धोका निर्माण होतो. एअरबॅगचे मंडल, तसेच हायब्रीड व विजेवरील गाड्यांतील नारिंगी केबल यांना घरी हात लावू नये. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.