दुसरी भाषा : सिम्युला, स्मॉलटॉक आणि विद्यापीठातला विद्यार्थी

१९६६ साली अ‍ॅलन के हा तरुण अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात संशोधनासाठी दाखल झाला, तेव्हा दोन गोष्टी जवळजवळ एकदमच त्याच्यापुढे आल्या. पहिली म्हणजे आयव्हन सदरलँड यांचा ‘स्केचपॅड’ या संगणकीय चित्ररेखन-प्रणालीवरचा १९६३ चा प्रबंध. डेव्हिड इव्हान्स यांनी तो त्याला वाचावयास दिला होता. दुसरी म्हणजे टेबलावर पडलेला फितींचा ढीग आणि त्यासोबतची चिठ्ठी. ही युनिव्हॅक ११०८ या यंत्रासाठीची अल्गॉल भाषा आहे, ती चालत नाही, चालती करावी, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. केने १९९३ साली लिहिलेल्या आठवणींत हा प्रसंग रंगवून सांगितला आहे.

फितींवरची भाषा अल्गॉलसारखी दिसत होती, पण अल्गॉल नव्हती. माहितीपत्रक तर नॉर्वेजियनमधून शब्दास शब्द लावून इंग्रजीत आणल्यासारखे वाटे. अखेर त्या आज्ञावलीचा लांबलचक कागद व्हरांड्यात पसरून, त्यावर अक्षरशः रांगत, केने आणि त्याच्या एका सहाध्यायाने तिचा अर्थ लावला. ती भाषा होती सिम्युला. ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नुगॉर्ड यांनी ती घडवली होती. कारखान्यातल्या रांगा, बंदरातली जहाजे अशा व्यवहारांची नक्कल संगणकावर करता यावी, हा तिचा हेतू होता.

साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा क्षण यापुढचा आहे. स्केचपॅडमध्ये एक मूळ आकृती असे आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. सिम्युलात मूळ नमुन्याला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणत आणि त्यातून उपजणाऱ्या प्रत्येक चालत्या वस्तूला ‘प्रोसेस’. नावे वेगळी, कामे वेगळी, देश वेगळे. पण दोन्हींच्या मागे एकच कल्पना आहे, हे केला दिसले. एकच मांडणी वाचली असती तर ते दिसले असते का? मला शंका वाटते. पहिल्या भाषेत कल्पना आणि तिचे नाव एकजीव झालेले असतात. दुसरी भाषा भेटल्यावरच त्यांच्यात फट पडते.

१९६७ साली सिम्युलाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात ‘क्लास’ व ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द रूढ झाले. (क्लाससाठी आपल्याकडे ‘वर्ग’ हा शब्द तयार आहे खरा, पण मराठीत वर्ग शाळेतही असतो, समाजातही आणि गणितातही. त्यामुळे शिकवताना बहुतेक जण मुकाट्याने ‘क्लास’च म्हणतात.)

केला हवी होती ती पुढची भाषा कुठे तयार नव्हती. ती त्यालाच करावी लागली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७२ पासून तो आणि त्याचे सहकारी, विशेषतः डॅन इंगल्स व अ‍ॅडेल गोल्डबर्ग, यांनी स्मॉलटॉक घडवली. तिच्यात भर ऑब्जेक्टवर नसून ऑब्जेक्टांनी परस्परांना धाडलेल्या निरोपांवर आहे. ‘३ + ४’ हे तिथे गणित नव्हे, संभाषण आहे : तीनला ‘अधिक’ हा निरोप, सोबत चार. म्हणूनच स्मॉलटॉकमध्ये ‘३ + ४ × २’ याचे उत्तर ११ नव्हे, १४ येते. गुणाकार आधी हा शाळेतला नियम तिथे नाही. डावीकडून निरोप जसे आले तसे पोचतात. ‘जर-तर’सुद्धा खरे किंवा खोटे या ऑब्जेक्टांना पाठवलेला निरोपच असतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला भाषा बिघडली आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या नियमाशी शेवटपर्यंत प्रामाणिक असते.

त्याच सिम्युलाचा दुसरा विद्यार्थी अगदी वेगळ्या वाटेने गेला. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठात शिकलेला ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप केंब्रिजमध्ये पीएच.डी. करत असताना आपली आज्ञावली सिम्युलात लिहीत होता. विचार मांडण्यासाठी भाषा त्याला अतिशय सोयीची वाटली, पण आज्ञावली मोठी झाली तसा तिचा वेग असह्य झाला. शेवटी ती सगळी बीसीपीएल या यंत्राच्या जवळच्या, पण ओबडधोबड भाषेत पुन्हा लिहावी लागली. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेल्यावर त्याने सी भाषेवर सिम्युलाच्या क्लासांचे कलम केले. त्यालाच १९८३ साली सी प्लस प्लस हे नाव मिळाले. एकाच आईच्या या दोन लेकी; एकीने तिचे बोलणे घेतले, दुसरीने तिचे घर, म्हणजे क्लासांची रचना.

केच्या नि स्ट्राउस्ट्रुपच्या पिढीला दुसरी भाषा स्वतः घडवावी लागली. पुढच्यांना ती अभ्यासक्रमात आयती मिळाली. जावा १९९५ मध्ये आली आणि विद्यापीठांतली समजूत झपाट्याने बदलली. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी असलेली महाविद्यालयीन दर्जाची संगणकशास्त्राची परीक्षा १९९९ मध्ये पास्कल सोडून सी प्लस प्लसवर आली आणि २००४ मध्ये जावावर. म्हणजे शिकवणाऱ्यांनाच पाच वर्षांत एकामागून एक दोन भाषा आत्मसात कराव्या लागल्या. आपल्याकडेही पुष्कळ अभ्यासक्रमांत आधी सी प्लस प्लस आणि मग जावा असा क्रम बसला. ई. बालगुरुसामी यांची दोन्ही भाषांवरची पाठ्यपुस्तके कित्येकांच्या टेबलावर एकावर एक पडलेली असत.

जावाची वाक्ये मुद्दाम सी प्लस प्लससारखी ठेवली होती. विद्यार्थ्याचा घात तिथेच होतो. मराठी माणसाला हिंदीतली ‘शिक्षा’ जशी फसवते, तसे इथे बरोबरीचे चिन्ह फसवते. सी प्लस प्लसमध्ये एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला बरोबर केले की सामान्यतः त्याची नक्कल होते, आणि मग नकलेत खाडाखोड केली तरी मूळ शाबूत राहते. जावात तेच चिन्ह नक्कल करत नाही. एकाच ऑब्जेक्टला दुसरे नाव लागते आणि एकीकडचा बदल दुसरीकडे दिसतो. परकी लिपी असती तर विद्यार्थी सावध राहिला असता. ओळखीच्या चिन्हापाशी तो थांबत नाही, आणि चूक वाक्यरचनेची नसल्यामुळे यंत्रही हरकत घेत नाही.

उलट्या दिशेचा प्रवासही झाला आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस हजारो प्रौढ विद्यार्थ्यांना प्रारंभीची भाषा म्हणून स्मॉलटॉक शिकवली. नंतर तिथेही जावा आली. अभ्यासमंडळांची अडचण मला कळते, नोकऱ्या जावात होत्या. पण स्मॉलटॉकमधून जावाकडे येणाऱ्याला एक गोष्ट खटकणारच. जावात साधी संख्या ऑब्जेक्ट नाही. तीनला निरोप धाडायची सोय नाही. तिथे ‘३ + ४’ पुन्हा नुसते गणित होते.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्दप्रयोग केनेच रूढ केला होता. पुढे त्याने जाहीरपणे म्हटले की हे नाव योजताना आपल्या मनात सी प्लस प्लस नव्हती; आणि ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द निवडल्याचा खेदही व्यक्त केला, कारण लोक वस्तूंकडे पाहत राहिले आणि निरोप मागे पडला. फितींवरच्या त्या सिम्युलाच्या कर्त्यांना, डाल आणि नुगॉर्ड यांना, २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००२ च्या जूनअखेरीस डाल गेले, ऑगस्टमध्ये नुगॉर्ड. २००३ चा पुरस्कार केला मिळाला.