सुपरचार्जरचा जोर आणि गिअरबॉक्सची कसोटी

प्रतिनिधी, नागपूर

स्पोर्ट्स कार म्हटली की चर्चा होते ती अश्वशक्तीची. ही शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या गिअरबॉक्सकडे मात्र तो मोडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. त्यातही तो स्वयंचलित असेल, तर इंजिनाची ताकद वाढविण्याच्या हौसेचा पहिला बळी बहुधा तोच ठरतो.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप होय. टर्बोचार्जर धुराच्या झोतावर चालतो व त्याला वेग घेण्यास क्षणभर लागतो. सुपरचार्जरला ती उसंत लागत नाही. त्यामुळे टॉर्क, म्हणजे दांडा पिळून फिरविणारे बल, कमी फेऱ्यांवरच उसळून येते. डॉज कंपनीच्या २०१५च्या चॅलेंजर हेलकॅटचे इंजिन ७०७ अश्वशक्ती आणि सुमारे ८८१ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. सुपरचार्जर फिरविण्यातच सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडत होती, ती वेगळी!

गिअरबॉक्स तुटतो तो अश्वशक्तीने नव्हे, टॉर्कने. म्हणूनच जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सच्या नावातच त्याची मर्यादा साधारणपणे दडलेली असते. ८एचपी४५ म्हणजे अंदाजे ४५० न्यूटन-मीटर, ८एचपी७० म्हणजे ७००, तर ८एचपी९० म्हणजे ९००. हेलकॅटला याच ९० क्रमांकाच्या रचनेचा गिअरबॉक्स होता. टाटा मोटर्सने २००८मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वारची सुपरचार्जर असलेली एफ-टाइप आर ६८० न्यूटन-मीटर टॉर्क देई व तिच्यात ७० क्रमांकाचा गिअरबॉक्स असे. शिल्लक किती थोडी राहते, हे यावरून दिसते. मर्सिडीजने तर दोन टर्बो असलेल्या एसएल ६५ एएमजीच्या बारा सिलिंडरी इंजिनाचा टॉर्क इलेक्ट्रॉनिक पद्धतीने १००० न्यूटन-मीटरवरच रोखून धरला आणि नवा सात गिअरचा गिअरबॉक्स हाताशी असूनही जुना, दणकट पाच गिअरचाच वापरला. कारखानदार जिथे इतका जपून वागतो, तिथे गॅरेजमध्ये बेफिकिरी परवडणारी नाही.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतात ते तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटच्या जुड्यांमुळे. तेलाच्या दाबाने एक जुडी आवळली जाते, त्याच वेळी दुसरी सुटते. जुडी किती टॉर्क पेलेल, हे घर्षण, दाब, प्लेटची त्रिज्या आणि घर्षण-पृष्ठांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरते. घरात जागा नसल्याने त्रिज्या वाढविता येत नाही. उरतात दोन मार्ग. पातळ पोलादी पट्ट्या वापरून त्याच जागेत जादा प्लेट बसविणे, हा पहिला. तेलाचा दाब वाढविणे, हा दुसरा. तो स्वस्त म्हणून अनेकांना मोह होतो. पण केवळ दाब वाढविल्यास प्रत्येक गिअर बदलताना धक्का बसतो, पंपावर ताण येतो आणि दांडे व ड्रम तडकू शकतात.

अमेरिकेत या विद्येची शाळा ठरला तो जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा चार गिअरचा गिअरबॉक्स. कॉर्व्हेट, कॅमेरो अशा गाड्यांत तो असे. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळणे आणि सन गिअरला जोडणारे पातळ पत्र्याचे कवच फाटणे, ही त्याची प्रसिद्ध दुखणी. म्हणून कारागीर तेथे जादा प्लेट, जाड कवच आणि उत्तम मिश्रपोलादाचा इनपुट दांडा बसवितात. ताकद फारच असेल, तर सरळ मोठा ४एल८०-ई घालतात. माझ्या मते अनेकदा हा शेवटचा मार्गच शहाणपणाचा.

टॉर्क कन्व्हर्टरलाही विसरून चालत नाही. गाडी सुटताना तो इंजिनाचा टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढवितो, म्हणजे मुळातच दमलेल्या दांड्यावर आणखी भार. त्याची पाती भट्टीत ब्रेझिंगने पक्की केली जातात आणि लॉक-अप क्लचला एकाऐवजी अनेक प्लेट दिल्या जातात. गिअर बदलण्याच्या क्षणी ठिणगी उशिरा देऊन टॉर्क किंचित उतरविणे, हे काम संगणकाचे. सुपरचार्जर बसविल्यावर जुनाच संगणक-नकाशा ठेवला, तर महागड्या प्लेटही घसरून जळतात.

नागपूरकरांसाठी खरा शत्रू उष्णता. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेल ८० अंशांच्या वर गेले, की दर ११ अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ढोबळ आडाखा आहे. गंमत अशी, की १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गावर कन्व्हर्टर लॉक झालेला असतो व वाराही भरपूर मिळतो. तेल तापते ते बर्डीच्या गर्दीत आणि सिग्नलवरून झेप घेताना. पंखा असलेला स्वतंत्र ऑइल कूलर आणि तेलाचे तापमान दाखविणारा काटा येथे चैनीची बाब नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. क्लच-प्लेट बदलणे ही दुरुस्ती म्हणता येईल. साध्या गाडीवर सुपरचार्जर चढविणे निराळे. अपघात झाल्यास न कळविलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते. तेव्हा सुटे भाग मागविण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घेतलेले बरे.