तळटीप १४ : जुआंव

१४. जुआंव : बायबलमधील योहानाचे पोर्तुगीज नाव, इंग्रजीत जॉन. शेवटचा स्वर नाकातून उच्चारतात. पोर्तुगालच्या गादीवर या नावाचे सहा राजे बसले. त्यांतला सहावा नेपोलियनच्या फौजा येताच १८०७मध्ये राजपुत्र असताना दरबारासह ब्राझीलला निघून गेला. ब्राझीलमध्ये आज ‘जुआंव पेद्रू’सारखी जोडनावे घरोघरी आढळतात, तिथल्या शाळकरी विनोदांतला वात्रट ‘जुआंवझिन्यू’ म्हणजे आपला बंड्याच. संत योहानाचा सण २४ जूनला. आदल्या रात्री पोर्तू शहरात लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या हातोड्या हाणतात, तर गोव्यात ‘सांजांव’ला फुलापानांची कोपेलां घालून विहिरीत उड्या घेतात. नाव इतके सर्रास असल्याने नुसत्या ‘जुआंव’वरून माणूस ठरवू नये, आडनाव पाहावे. — संपा.