चाल जर्मन, फुलं तंजावरची

तंजावरच्या किल्ल्यात, शिवगंगा तलावाच्या काठी, १७७९ साली बांधलेलं एक आटोपशीर चर्च आहे. आत पांढऱ्या संगमरवरातलं एक शिल्प. खाटेवर एक वृद्ध पाद्री शेवटच्या घटका मोजतो आहे, पागोटं घातलेला तरुण राजा त्याचा हात हातात धरून उभा आहे, मागे दुसरा पाद्री आणि खाटेशी शाळेतली पोरं. शिल्पकार लंडनचा जॉन फ्लॅक्समन. खाटेवरचे पाद्री म्हणजे जर्मन लूथरन मिशनरी क्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजा म्हणजे सरफोजी दुसरे. आडनाव भोसले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं, त्याच गादीवरचे हे राजे.

लूथरन उपासना आणि मराठी माणूस यांचा काय संबंध, असा प्रश्न लातूर-नांदेडकडच्या वाचकाला पडणं साहजिक आहे. चाकूर, उदगीर, बीदर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः मेथडिस्ट परंपरेतल्या. पण नाताळच्या उपासनेत कोणतं गायन घ्यायचं, कोणत्या चालीवर, कोणतं वाद्य आत आणायचं आणि दाराला फुलं लावायची की नाही, या प्रश्नांवरून भारतातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जोरात भांडण झालं ते मराठी राजाच्या राजधानीत. आणि भांडणाऱ्यांत लूथरन पुढे होते.

या भांडणाचं बीज खुद्द मार्टिन लूथरच्या विचारात आहे. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी आणि गाणं गायकवृंदापुरतं न राहता सगळ्या मंडळीच्या तोंडी असावं, हा त्याचा आग्रह. १५२४ साली त्याची जर्मन गीतं छापून आली, १५२६ साली त्याने जर्मन भाषेतला उपासनेचा क्रम बसवून दिला. नाताळसाठी त्याने लिहिलेलं, देवदूताच्या तोंडी घातलेलं गीत १५३५ साली प्रसिद्ध झालं आणि जर्मनीतल्या घराघरांत मुलं ते गाऊ लागली. क्रमाचा सांगाडा जुनाच ठेवला: करुणेची याचना, स्तुती, पत्रांतला धडा, शुभवर्तमान, विश्वासाचा अंगीकार, उपदेश, प्रभुभोजन. मात्र १५३०च्या आउग्सबुर्ग मतांगीकाराच्या सातव्या कलमात एक वाक्य असं आलं की पुढे सगळ्यांनाच ते सोयीचं पडलं. मंडळीच्या ऐक्यासाठी शुभवर्तमान आणि संस्कार यांबद्दल एकमत पुरे. माणसांनी घालून दिलेले विधी सगळीकडे सारखेच असायला हवेत असं नाही, असा त्याचा आशय. दिवे किती, वस्त्र कोणतं, चाल कुठली, हे त्या त्या गावाने ठरवावं.

गाव जर्मनीतलं असेल तोवर हे सोपं होतं.

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुचाउ हे दोन तरुण जर्मन मिशनरी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना पाठवलं होतं. बंदर डॅनिश लोकांचं असलं तरी जमीन तंजावरच्या राज्यातली. डॅनिश कंपनी तिच्यापोटी दरसाल खंडणी भरत असे. त्या वर्षी तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. त्यांनी स्वतः मराठीत नाटकं लिहिली. म्हणजे भारतातल्या पहिल्या लूथरन मंडळीचा जमीनमालक एक मराठी नाटककार होता.

त्सीगेनबाल्ग झपाट्याने तमिळ शिकले. छापखाना आला, नव्या कराराचं तमिळ भाषांतर छापून झालं, आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी 'नवं यरुशलेम' या नावाचं क्रुसाच्या आकाराचं चर्च उपासनेला खुलं झालं. मिशनच्या शाळेतली मुलं गायनात पुढे असत, बाकीची मंडळी त्यांच्या मागून म्हणे. गीतं तमिळ, चाली जर्मन.

इथेच खरी अडचण होती. जर्मन चाल शब्दातल्या आघातावर चालते. ज्या अक्षरावर जोर, तिथे ठोका. तमिळमध्ये, तसंच मराठीतही, वजन पडतं ते ऱ्हस्व-दीर्घावर. जर्मन चालीत तमिळ शब्द बसवायचा तर ऱ्हस्व अक्षर ताणावं लागतं आणि दीर्घ अक्षर घाईने उरकावं लागतं. ऐकणाऱ्याला शब्द कळतो, पण कानाला तो परका लागतो. मराठी चर्चमध्ये जुन्या इंग्रजी चालीवरचं गायन ज्याने म्हटलं आहे, त्याला ही ओढाताण सांगायला नको. मद्रासच्या योहान फिलिप फाब्रिसिउस यांनी अठराव्या शतकात ही भाषांतरं पुष्कळ घासूनपुसून घेतली आणि त्यांची गीतं टिकली. चाली मात्र जर्मनच राहिल्या.

माणसं मात्र इथली पुढे येऊ लागली. २८ डिसेंबर १७३३ रोजी, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, तरंगमबाडीला आरोन नावाच्या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते पहिले भारतीय प्रॉटेस्टंट पाळक.

श्वार्ट्झ १७५० साली आले आणि १७७८ पासून तंजावरलाच राहिले. दरबाराशी व्यवहार करायचा म्हणून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींवर १७८७ नंतर संकट आलं. राजे वारले, चुलते अमरसिंग गादीवर बसले, आणि मुलाच्या शिक्षणाची नि जिवाची काळजी श्वार्ट्झ यांनी वाहिली. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेले, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजे ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसल्यांचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख त्यांनीच १८०३ साली कोरवून घेतला. फ्लॅक्समनचं शिल्पही त्यांनीच मागवलं. इसापनीतीचं मराठी भाषांतर 'बाळबोध मुक्तावळी' त्यांच्या छापखान्यात १८०६ साली निघालं. तरंगमबाडीने सुरू केलेली मुद्रणाची हौस शंभर वर्षांनी अशी मराठीत उतरली.

श्वार्ट्झ यांच्या हाताखाली सरफोजींच्या बरोबरीने आणखी एक मुलगा शिकत होता. तिरुनेलवेलीकडचा वेदनायकम, जन्म १७७४. पुढे तो वेदनायकम शास्त्री म्हणून ओळखला गेला. तंजावरच्या ख्रिस्ती शाळेत मास्तर, आणि वृत्तीने हाडाचा कवी. दर नाताळला जर्मन चालीत अडखळणारी मंडळी त्यांनी पाहिली होती. त्याच गावात देवळांत नागस्वर घुमत होता, रामदासी मठांत मराठी कीर्तन चालू होतं, आणि दरबारात कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार बहरात होता.

कुरवंजीचा साचा ठरलेला. नायक मिरवणुकीतून जातो, नायिका त्याच्यावर भाळते, झुरते; मग डोंगरातली कुरत्ती येते, टोपली आणि काठी घेऊन, आपल्या मुलखाचं वर्णन करत, आणि नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. मागून तिचा नवरा सिंगन तिला शोधत येतो. सरफोजींच्या स्तुतीपर अशी एक तमिळ कुरवंजी बृहदीश्वर मंदिरात होत असे. राजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटकही आहे. त्यात कुरत्ती भविष्य सांगता सांगता जगाचा भूगोल शिकवते, खंडं, देश, नद्या. वेदनायकम शास्त्रींनी हाच साचा घेऊन 'बेथलेहेम कुरवंजी' रचली. नायिका देवमोहिनी, तिचा जीव जडला आहे तो बेथलेहेमात जन्मलेल्या नायकावर. सिंगनच्या भूमिकेला त्यांनी उपदेशकाचं रूप दिलं. भूगोल आणि खगोलही ओवून टाकला, कारण श्वार्ट्झ यांच्या शाळेत दोघांनीही तोच धडा गिरवला होता.

पैठणच्या एकनाथांना ओळखणाऱ्या मराठवाड्याला ही युक्ती नवी वाटणार नाही. दारावर येणारा जोशी, वासुदेव, गोंधळी यांचाच वेश घेऊन नाथांनी भारुडात परमार्थ सांगितला. शास्त्रींनी कुरत्तीच्या टोपलीत बेथलेहेम ठेवलं, एवढंच.

राजांनी त्यांना मान दिला, काही काळ आश्रयही दिला. पण देवतेवर काव्य रचण्याची मागणी झाली तेव्हा शास्त्रींनी नकार दिला. गुरू एक, कविता एक, देव वेगळे.

खरा घाव मात्र घरातूनच आला. तंजावरच्या मिशनला पैसा लंडनच्या अँग्लिकन संस्था देत, माणसं लूथरन असत. १८२६च्या सुमारास कारभार दुसऱ्या अँग्लिकन संस्थेकडे गेला आणि नव्या मिशनऱ्यांनी शिस्त लावायला घेतली. १८२९ साली शास्त्रींनी तंजावरच्या मंडळीच्या वतीने लिहिलेल्या तक्रारीत नव्या पाद्र्यांचे चार जुलूम मांडले. पहिला, फाब्रिसिउस यांचं रुळलेलं पवित्र शास्त्र काढून नवं भाषांतर माथी मारलं. दुसरा, जातिभेद मोडायला भाग पाडलं. तिसरा, सणासमारंभांतून फुलं हद्दपार केली. चौथा, उपासनेतली तमिळ गीतं आणि वाद्यं बंद केली.

ही यादी आज वाचताना वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवं. फुलं आणि गाणी यांच्या बाजूने उभा राहणारा हा कवी त्याच दमात चर्चमधल्या जातवार बसण्याच्या बाजूनेही उभा आहे. लूथरन मंडळ्यांत वेल्लाळ या वरच्या जातीची माणसं एका बाजूला आणि दलित दुसऱ्या बाजूला बसत. शास्त्री स्वतः वेल्लाळ होते, त्यांना त्यात गैर वाटत नव्हतं. विधी ज्याने त्याने ठरवावेत या सातव्या कलमाच्या आडोशाला माळ, मृदंग आणि विटाळ तिन्ही येऊन बसले. उलट जात मोडायला निघालेल्या नव्या पाद्र्यांना झेंडूच्या माळेत आणि तालात मूर्तिपूजेचा वास येत होता. दोघांचीही गाठोडी अशी एकत्र बांधलेली, की एक सोडवायला जावं तर दुसरं सुटे.

१८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद चर्चबाहेर ठेवण्याचा हुकूम काढला आणि तंजावरला मंडळी फुटली. पुढे लाइपझिग मिशन आलं. जातीच्या बाबतीत ते मवाळ होतं, म्हणून दुखावलेली बरीच माणसं लूथरन झेंड्याखाली परतली. या मिशनमधूनच १९१९ साली तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च उभं राहिलं. तिथले बिशप आजही 'तरंगमबाडीचे बिशप' म्हणवले जातात. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं. शास्त्री १८६४ पर्यंत जगले, आणि गीतांचा वाद त्यांनी जिंकला. तमिळ चर्चमध्ये जर्मन चालींच्या शेजारी देशी रागांतली कीर्तनं बसली ती कायमची.

मराठी मुलखात हाच प्रश्न उशिरा सुटला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी चर्चमध्ये परदेशी चालींचीच चलती होती. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन तिथे रुजवलं. 'अभंगांजली'तली त्यांची रचना तुकोबांच्या वळणाची. आघाताची चाल गेली, टाळाची आली. टिळकांच्या मंडळीला अमेरिकन मिशनचा वारसा होता, लूथरचा नव्हे. पण लोकांच्या भाषेत, लोकांच्या तोंडी हे सूत्र तेच.

चाकूरपर्यंत पोचणारा धागा आणखी अनपेक्षित आहे. १७१२ साली इंग्लंडमधल्या एपवर्थ गावी सुझाना वेस्ली या पाळकाच्या पत्नीच्या हाती तरंगमबाडीच्या दोन मिशनऱ्यांचा वृत्तान्त पडला. तो वाचून ती इतकी भारावली की तिने आपल्या मुलांशी धर्माबद्दल नेमाने एकेकटं बोलायला सुरुवात केली. त्या मुलांत आठ-नऊ वर्षांचा जॉन होता. पुढे २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत लूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात असताना याच जॉन वेस्लीच्या मनाने कलाटणी घेतली. मेथडिस्ट चळवळ तिथून फोफावली. तिच्याच फांद्या निजामाच्या मुलखात बीदरकडे आल्या.

डिसेंबर उजाडतो, हरभरा घाट्यावर येऊ लागतो, ज्वारी कंबरेच्या वर गेलेली असते. अशात या भागातल्या मंडळ्यांत नाताळच्या क्रमाची बैठक बसते. पाळकसाहेब वहीत लिहून घेतात: आरंभीचं गायन, प्रार्थना, यशयाचा धडा, लूकचा दुसरा अध्याय, लेकरांची नाटिका, उपदेश, अर्पण. सांगाडा लूथरच्या ओळखीचा. मग चर्चा रंगते ती मधल्या जागांवर: टिळकांचे अभंग दोन की तीन, पेटीला साथ तबल्याची की ढोलकीची, आणि आदल्या संध्याकाळी फुलं आणायला बाजारात कोण जाणार.