नगरच्या लढाईतलं पिस्तूल? आधी शिक्का वाचा!

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक पिस्तूल दाखवलं गेलं. हातभर लांब, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं, गंजलेलं. लाकडी मूठ, पितळी टोपण. बाजूच्या लोखंडी पट्टीवर बदामाच्या आकाराचा शिक्का, आत इंग्रजी अक्षरं आणि खाली साल : १८०३. दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, नगरच्या लढाईत पडलेलं आहे हे." मी नगरचा. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) झालं! तीन हजार रुपये विसार देऊन मोकळा झालो.

आता तो बदाम काय आहे ते बघू. तो ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. आत चार अक्षरं असतात : व्ही, ई, आय, सी. पहिलं अक्षर व्ही असलं तरी ते यू म्हणून वाचायचं, कारण जुन्या लिखाणात यूच्या जागी व्ही चालायचा. म्हणजे 'युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी'. बदामाच्या डोक्यावर इंग्रजी ४ सारखी खूण. गंमत म्हणजे हा शिक्का मुळात मालाच्या गठ्ठ्यांवर मारायचा! तोच सैनिकाच्या पिस्तुलावर आला आणि तोच मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावरही आला. त्या पैशाच्या एका बाजूला हा बदाम, दुसऱ्या बाजूला तराजू. घरात आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर आजच बघा. व्यापार, पैसा आणि बंदूक, तिन्हींवर एकच शिक्का. कंपनी म्हणजे काय चीज होती, हे कळायला मला एवढं पुरेसं वाटतं.

मग माझं पिस्तूल? ते मी एका अनुभवी संग्राहक काकांना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नगरची लढाई कधी झाली रे?"

मला पाठ होतं. ८ ऑगस्ट १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं शिड्या लावून नगरच्या पेठेचा तट चढला. किल्ला तेव्हा शिंद्यांकडे होता. १२ ऑगस्टला तोही पडला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

"बरं," काका म्हणाले, "ही हत्यारं बनायची इंग्लंडात. तिथे तपासणी व्हायची, मग जहाजात चढायची. सुएझचा कालवा १८६९ चा, म्हणजे तेव्हा आफ्रिकेला वळसा. पाच-सहा महिने सहज. मग बंदरावरून फौजेपर्यंत. १८०३ साल कोरलेलं पिस्तूल १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरच्या तटाखाली कसं पोचलं?"

मी गप्प. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. शिक्क्यातला सी उलटा होता, आरशात दिसतो तसा. कारागिराला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यानं नुसतं चित्र उतरवलं होतं. खैबर खिंडीच्या भागातल्या कारागिरांनी कंपनीच्या हत्यारांच्या अशा नकला भरपूर केल्या. आणि १८०८ च्या सुमारास कंपनीनं बदाम सोडून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह घेतला. म्हणजे १८३० साल आणि बदाम एकत्र दिसले, तरी लगेच शंका घ्यायची.

विसार बुडाला. पण मला खरी हळहळ पुढची गोष्ट ऐकून वाटली.

आपल्या नगरातच १५४९ मध्ये एक प्रचंड तोफ ओतली गेली : मलिक-ए-मैदान. वजन सुमारे ५५ टन. तिच्यावर निजामशहाचं नाव आहे, घडवणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचं नाव आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं, तेव्हा त्यानंही आपला लेख तिच्यावर कोरला. जुनी नावं तशीच ठेवून, शेजारी. एका तोफेवर दोन राजवटी वाचता येतात.

आणि १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी तिला निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढलं. सगळ्यात मोठी बोली किती? १५० रुपये! रक्कम फारच क्षुल्लक आणि लोकांचा तोफेवर भाव, म्हणून विक्री थांबली. नाहीतर नगरच्या ओतकामाचा एवढा मोठा पुरावा भट्टीत वितळून गेला असता.

एकीकडे खोट्या शिक्क्याला मी तीन हजार मोजले, दुसरीकडे खऱ्या अक्षरांना दीडशेच्या वर कोणी जायला तयार नव्हतं. फरक कशाचा? वाचण्याचा.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घरात जुनं हत्यार निघालं तर विटकरीनं किंवा पॉलिश पेपरनं घासू नका. गंज जाईल, पण शिक्काही जाईल. दोन, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते चालू शकतं की नाही हे आपण ठरवायचं नाही. थेट पोलिस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तीन, विकत घेण्याआधी पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन खरी जुनी शस्त्रं डोळे भरून बघा.

माझं ते नकली पिस्तूल मी दुकानदाराकडेच सोडलं. उलट्या सीचा फोटो मात्र फोनमध्ये ठेवलाय. पुन्हा कोणी कानात "नगरच्या लढाईतलं" म्हणालं, की आधी तो फोटो उघडतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आजीचा डबा नक्की उघडा!